राणीचा भाजलेला हात

पेन्याफ्रियाचा किल्ला,
संत मार्टिनाच्या सणाचा दुसरा दिवस

प्रिय मेन्सियाताईस,
धाकट्या बहिणीचा नमस्कार.

तुझा खोकला कसा आहे? मठाच्या त्या दगडी खोल्यांतली थंडी आधी छातीत शिरते, हे मी तुला दर हिवाळ्यात लिहिते आणि तू दर हिवाळ्यात अनवाणी प्रार्थनेला जातेस. तू ऐकायची नाहीस, मी लिहायची थांबायची नाही. इथे सगळं ठीक. काल सणाची डुकरं कापली, अंगणभर अजून लसणाचा आणि धुराचा वास आहे. यंदाची वाइन आंबट निघाली. दोष द्राक्षांचा आहे असं कोठीवाला म्हणतो, कोठीवाल्याचा आहे असं मी म्हणते.

तू पाठवलेलं मलम पोचलं. हाताची काळजी करू नकोस, हात बरा आहे. खरं सांगायचं तर तो कधी भाजलाच नव्हता. मलम ऑरियाने आपल्या टाचांच्या भेगांना लावलं. दासीच्या टाचांना राणीचं मलम! तुला दुवा देत ती आता घरभर पळते.

रागावू नकोस, सगळं सांगते. तू लवकर मठात गेलीस, तरी बाबांच्या दरबारातला रिवाज तुला आठवत असेल. सरदाराला राजावर उलटायचं असेल तर आधी समोर येऊन त्याच्या उजव्या हाताचं चुंबन घ्यायचं आणि म्हणायचं, ‘आजपासून मी तुमचा माणूस नाही.’ एवढं केलं की तो मोकळा. न करता तलवार उपसली तर तो द्रोही, आणि मग त्याचेच शिपाई त्याला सोडून गेले तरी त्याला तोंड उघडायची सोय नाही.

उन्हाळ्यात मला कळलं की वेर्मुदो आणि त्याचे सोबती सरदार असा निरोप घ्यायला निघालेत. बाईचा हुकूम ऐकून त्यांचे कान दुखायला लागले होते म्हणे. मग मी उजवा हात कोपरापर्यंत तेलात भिजवलेल्या कापडात गुंडाळला आणि उकळतं मेण सांडल्याचं जाहीर केलं. ऑरियाने असा गळा काढला की मलाच वाटलं, खरंच भाजलंय की काय.

“डावा हात चालेल, राणीसाहेब,” वेर्मुदो म्हणाला.

“शपथ घेताना डावा चालला होता का?”

“मग उजवा बरा कधी होणार?”

“वय झालं की जखमा सावकाश भरतात, सरदार. तुमच्या मिशा पिकल्या, तुम्हाला मी काय सांगायचं?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ते आले तसे परत गेले. दार लागल्यावर मी आणि ऑरिया पोट धरून हसलो. पुन्हा आले, पुन्हा गेले. हाताला पट्टी होती तोवर राज्य माझं होतं. बाबांकडे फौज होती, माझ्याकडे चिंधी होती, एवढाच काय तो फरक.

इथून पुढे मी तुला पुन्हा वाइनचंच सांगत बसणार होते. पण किती टाळू?

ताई, माझा नुन्यो आला होता.

पाच वर्षांचा असताना त्याला वाढवायला वेर्मुदोच्या घरी दिला होता. राजघराण्यातली मुलं सरदाराच्या घरी वाढतात, नवरा गेलेल्या एकट्या राणीने रिवाज मोडला तर केवढा गहजब झाला असता. तेव्हापासून पोराचं तोंड पाहिलं नव्हतं. बोलावलं की कधी त्याला ताप, कधी रस्त्यात चिखल. आणि परवा अचानक तो माझ्या खोलीत उभा. उंच झालाय. पुढचे दोन दात नवे आलेत, चेहऱ्याला मोठे वाटतात. वेर्मुदो आत आला नाही, दाराशीच थांबला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“आई, फार भाजलंय का गं?”

“नाही रे राजा.”

“मग दाखव ना.”

मी पट्टी सोडायला लागले. मागून ऑरिया “बाईसाहेब!” म्हणाली. मी ऐकलं, पण थांबले नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने माझा हात उलटासुलटा करून पाहिला. “कुठेच भाजलं नाहीये!” म्हणून हसला. मग गुडघे टेकले, हातावर ओठ टेकवले आणि डोळे मिटून, पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला, “आजपासून मी आणि माझ्यामागचे सगळे, आम्ही तुमची माणसं नाही.”

वारसाने निरोप घेतला की सगळ्यांनीच घेतला. दारात वेर्मुदोने डोक्यावरची टोपी काढली.

नुन्यो माझ्या कानाशी आला. “बरोबर म्हटलं ना? वेर्मुदोकाका म्हणाले, न चुकता म्हटलंस तर तुला आईपाशी राहू देऊ.”

मी म्हटलं, “अगदी बरोबर म्हटलंस, बाळा.”

“चला, महाराज,” वेर्मुदो म्हणाला. नुन्योने मागे वळून पाहिलं, कोण महाराज आलेत म्हणून.

त्याला घोड्यावर चढवलं तेव्हा तो अंगणात ओरडत होता, “पण मी चुकलो नाही! आईला विचारा!” मी खिडकीत होते. वेशीवरचे शिपाई आता त्याचे होते, माझ्या सांगण्याने दार लागलं नसतं. मी रडलेसुद्धा नाही. रडले असते तर आपण काय केलं ते त्याला कळलं असतं. तो मोठा होईल तेव्हा कळेलच. त्या दिवशी त्याच्याजवळ मी नसेन, हेच जीव जाळतं.

बर्फ पडायच्या आत मला तुझ्या मठात पोचवायचं ठरलंय. विचारलं कुणी नाही, कळवलं. ऑरिया बरोबर येईल, तिला चुलीजवळची जागा दे. मला कुठलीही चालेल.

एकच मागते. राणी आली म्हणून तुझ्या मठातल्या बहिणी हाताचं चुंबन घ्यायला पुढे येतील. त्यांना आधीच बजावून ठेव, उजव्या हाताला कुणी शिवायचं नाही. शेवटचे ओठ त्याचे आहेत, तेच राहू देत. कुणी विचारलंच तर सांग, हात भाजलाय.

तुझी, आणि त्याने सोडलं तरी त्याचीच,
ब्रियांदा