चाळीस घरांची पट्टी

शिवमंदिर रस्ता, अंबरनाथ
१२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इतक्या वर्षांनी पाटी-स्टायलस काढून ठिपके टोचतोय, तेव्हा वळण वाईट आलं तर बोलू नकोस. लहानपणी माझ्याबरोबर ब्रेल शिकलीस ते फुकट गेलं नाही म्हण. मोबाइलवरची अक्षरं बोटाखाली ठिपक्यांनी उठवणारी माझी ब्रेल पट्टी मेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून टाचण्या अडकायला लागल्या, आज तर अक्षरांच्या चाळीस घरांपैकी एकही हलत नाही. मोबाइलवर तुझे मेसेज येऊन पडत असतील, पण ते जिथे बोटाला लागायचे ती पट्टीच गप्प.

कानांचं तुला माहीतच आहे. डावा गेला, उजव्यात मशीन घालूनही आता कुकरच्या शिटीपलीकडे काही येत नाही. म्हणजे पेपर, बँक, ऑफिसचं काम, तू, सगळं त्या पट्टीतूनच यायचं. आता माई माझ्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर गिरवते, तेवढंच. ऊठ. जेव. गोळी. बिचारीचं बोट दुखतं म्हणून मीही फार काही विचारत नाही.

आणि खरं सांगू? हे तुझ्या नेत्राचं काम आहे. दसऱ्याला तुम्ही जेवायला आलात तेव्हा श्रीखंडाच्या हातांनी तीच पट्टीशी खेळत होती. आठ वर्षांची घोडी झाली, एवढं कळू नये? काही दिवस तिला इकडे आणू नकोस. पट्टी माईबरोबर पाठवतोय. काहीही कर, पण दुरुस्त करून आण. खोलीत कोंडून बाहेरून कडी लावल्यासारखं झालंय गं.

ओरडलो तरी माया कमी करू नकोस.
तुझा,
पुष्कर


बदलापूर
१८ ऑक्टोबर

चि. पुष्करास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सरसर वाचता आलं. माझ्या पत्रात मात्र चुका सापडतील, मास्तरकी करू नकोस.

मुंबईच्या ज्या दुकानातून पट्टी घेतली होती ते बंद झालंय. कंपनीची बाई फोनवर म्हणाली की हे मॉडेल आता आम्ही ठेवत नाही, परदेशात पाठवा, तीन-चार महिने धरून चाला, आणि दुरुस्त होईलच असं नाही. आपल्या स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्याने ती उलटीपालटी करून विचारलं, ह्याला स्क्रीन कुठाय. कपाळावर हात मारून घेतला मी. शेवटी उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात गेले. तिथे अल्पेश म्हणून एक आहे, मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करतो. त्याने आधी हातच जोडले, असला आयटम कधी बघितला नाही म्हणाला. मग तू त्यावर काय काय वाचतोस ते सांगितलं. तेव्हा म्हणाला, ठेवून जा दीदी, ट्राय मारतो, गॅरंटी नाही.

नेत्राला खूप रागावले. तिने रडून डोळे सुजवून घेतलेत. मी हात धुतले होते, एवढंच म्हणत राहते. भाऊबीजेला मामाकडे येणार नाही म्हणते. तू बोलावलंस तरच येईल, बघ काय ते.

जीवाला जप, माईला फार पळवू नकोस.
तुझी,
ताई


बदलापूर
२७ ऑक्टोबर

ती. माईस,
ऋताचा शि. सा. नमस्कार.

हे तुला शाईने लिहितेय, कारण फोनवर पट्टीचं काढलं की तू विषय बदलतेस. भाऊबीजेलाही बदललास.

काल अल्पेशने माझ्यासमोर पट्टी उघडली. आत श्रीखंड नव्हतं, माई. हळद-कुंकू होतं. टाचण्यांच्या भोकाभोकांत लाल-पिवळा चिखल वाळून बसला होता, आणि कडेला अक्षतेचा एक तांदूळ. अल्पेशच्याही गल्ल्यावर तसंच कुंकू लावलेलं होतं. त्याने ब्रशने एकेक टाचणी साफ केली. पण टाचण्या वर उचलणाऱ्या आतल्या बारीक पात्या ओलाव्याने गेल्यात, आणि त्या इथे कुठे मिळत नाहीत. चाळीसपैकी अकरा घरं चालतात. तीही किती दिवस, कोण जाणे.

मला तुझा राग आलाय, खोटं कशाला बोलू? पूजा केलीस त्याचा नाही एवढा. पोर इतके दिवस रडतेय आणि तू तोंड शिवून बसलीस, त्याचा. अकरा घरांचं तेवढं पुष्करला ठिपक्यांत कळवते, पूजेचं मी कळवणार नाही. तू सांग. त्याच्या हातावर, तुझ्या बोटाने.

रागावले तरी तुझीच,
ऋता


अंबरनाथ
३१ ऑक्टोबर

चि. सौ. ऋता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझे बाबा दसऱ्याला कारखान्यात मशीन धुऊन-पुसून पुजायचे, तू त्यांच्या खांद्यावर बसून बघायचीस. ते गेल्यापासून मी घरची विळी, शिवणयंत्र, मिक्सर सगळं पुजत आले. यंदा मनात आलं, माझ्या लेकाला जग दाखवते ती वस्तू तेवढी राहिली. तो आंघोळीला गेला होता. गंध कालवून चाळीसही घरांना बोट लावलं, हळद-कुंकू वाहिलं. एकही उपाशी राहू नये म्हणून मोजून लावलं बाई. मग त्याच्या हाताला लागेल म्हणून ओल्या फडक्याने पुसलं. तिथेच घात झाला. पुसतेय म्हणत आत ढकलत होते, मला मेलीला काय ठाऊक!

त्याने नेत्राचं नाव घेतलं तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, मग आठवलं की ह्याला असं सांगता येत नाही, हात धरावा लागतो. तो हात लगेच पुढे करतो गं, लहानपणी खाऊसाठी करायचा तसा. माझं बोट पुढे जाईना.

रविवारी काळीज घट्ट करून सांगते. नेत्राला म्हणावं, आजी चुकली.

तुझ्या पोरीला माझा पापा दे.
माई


अंबरनाथ
६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी माईने माझा हात मागितला. हळद एवढाच शब्द ओळखला आणि मी हात ओढून घेतला. रागाने नाही गं. पुढचं तिला लिहायला लागू नये म्हणून. कारण मला ठाऊक होतं. दसऱ्याच्या दुपारी पट्टीवर बोट फिरवलं तेव्हाच गंधाचा वास आला होता, बोटाखाली खरखर लागली होती. डोळे-कान गेले, नाक शाबूत आहे माझं. तरी नेत्राचं नाव घेतलं. कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि माईवर ओरडायची भीती वाटली. ह्या घरात माझ्या हातावर लिहिणारं तेवढं एकच बोट आहे. ते रुसलं तर मी काय करू? म्हणून पोरीवर ढकललं. लाज वाटते, पण तसंच केलं.

माईला वाटलं, मी तिला झिडकारलं. चार दिवस झाले, तिने हातावर एक अक्षर लिहिलेलं नाही. ताट समोर येतं. गोळी पेल्याशेजारी असते. कपडे धुऊन, घड्या घालून. माणूस तेवढं नाही. मी मोठ्याने सांगतो, माई, मी रागावलो नाही, ये ना इकडे. ती ऐकते, रडते, की देवळात गेलेली असते, मला काय कळणार? काल कितीतरी वेळ तिच्याशी बोललो, मग चाचपडून पाहिलं तर खुर्ची रिकामी. एकदा मोरीच्या दाराशी तिचा हात सापडला. तिने मूठ मिटून घेतली. सोडवायला गेलो, पण म्हाताऱ्या बोटांना जोर तरी किती लावणार?

हे पाकीट टेबलावर ठेवतोय. पोस्टात तीच टाकेल. तिला ठिपके वाचता येत नाहीत. मी रागावलो नाही हे लिहिलेला कागद तिच्याच पिशवीतून जाईल आणि तिला कळणारही नाही.

फोनवर तिला हे वाचून दाखवू नकोस, ऐकेल आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसेल. तू ये. नेत्राला आण, मला तिची माफी मागायची आहे. पट्टी जमली तर आण, अकरा घरं तर अकरा. पण आधी माईची मूठ उघड, आणि तिचं बोट माझ्या हातावर ठेव. नुसतं जेव एवढं लिहिलं तरी पुरे.

तुझी वाट बघत हात टेबलावर उघडा ठेवून बसलेला,
पुष्कर