दुसरा ठोसा

मिरज, मंगळवार संध्याकाळ

आज चर्चच्या खोलीत मी एका माणसाला मारलं. मी, पाळक, वीस वर्षं नवरा-बायकोंची भांडणं मिटवत आलेला. समेटासाठी आलेली सुनंदा एवढंच म्हणाली, "आवं पाळकसायेब, मला माहेरी जायचं हाय." शेजारी बसलेल्या नवऱ्यानं तिचं डोकं टेबलावर आपटलं. रक्त आलं. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो खाली पडला, तरी आणखी एक मारला. पहिला तिच्यासाठी. दुसरा कुणासाठी? माझी लेक रूथ दारातच उभी होती.

सुनंदाला टाके पडले. त्याला पोलिसांनी नेलं; मीही काय केलं ते सगळं चौकीत लिहून दिलं.

घरी रूथनं विचारलं, "पप्पा, तो पडल्यावर का मारलंत?"

"बरं वाटलं म्हणून," मी खरं सांगितलं.

ती आत गेली. तिनं आतून कडी लावली.