टंचाई शाखेतला दर्यावर्दी

रविवार, ८ मे १९८३

झालं! भुजंगनं तिकिटं काढली. मंगळवार, चोवीस तारीख. भाऊचा धक्का ते पणजी, बोटीनं. मेव्हण्याचं पत्र दोनदा वाचलं, तारखेत कुठं चूक सापडते का म्हणून. धुरपताला वाचून दाखवताना मात्र आवाज असा लावला, जणू माझ्या सात पिढ्या गलबतंच हाकत आल्या!

बोट तिला हवी होती. अर्धापूरच्या केळीत वाढलेली बाई. कालव्यात पोहलेली, विहिरीत वरून उड्या टाकलेली. दिली कुठं, तर अहमदपूरला, आणि तीही अशा माणसाला जो बादलीत वाकून बघतानाही काठ धरतो. लग्न झालं त्या वर्षी मी म्हणालो होतो, तुला बोटीत बसवीन. नव्या नवऱ्यानं काय म्हणावं याला धरबंध नसतो. मग एकदा आईचं आजारपण, एकदा निवडणूक, एकदा जनगणना, मग बहात्तरचा दुष्काळ. मला दर खेपेला काहीतरी सापडलं. ती एकदाही रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

या खेपेला प्रवास सवलतीची रजासुद्धा मंजूर आहे. पळवाट नाही.

मंगळवार, १० मे

कचेरीत बातमी फुटली. (मीच फोडली.) टंचाई शाखेचा अव्वल कारकून बोटीनं गोव्याला! तहसीलदार साहेब म्हणाले, एवढं पाणी एकदम बघू नका, सवय नाही, चक्कर येईल. शिपाई मारोतीनं विचारलं, तिथलं टँकरनं आणता येत नाही का. खारट असतं, सांगितलं. जनावरांना चालंल की, म्हणाला. मी हसलो, पण रात्री हिशेब करत बसलो की खरंच चालेल का. टंचाई शाखेत राहून डोकं असं होतं.

गुरुवार, १२ मे

लातूरला बैठक. जिल्हा होऊन वर्ष नाही झालं. कलेक्टर कचेरीत माणसं झाली, खुर्च्या अजून व्हायच्यात. उभ्यानंच टँकरचा अहवाल वाचला. येताना पत्र्याचं काम करणाऱ्याकडून डबा करून घेतला. तेलाचा रिकामा डबा, तोंड झाळून बंद, दोन बाजूंना कड्या. आमच्याकडं लेकरं विहिरीत पोहायला शिकतात तेव्हा पाठीला बांधतात, तसा. फक्त माझ्या मापाचा.

बंडीत गुंडाळून घरी आणला. धुरपतानं तासाभरात शोधला. हातात फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, "चिवडा भरायचा कसा? याला तोंडच न्हाई." बोटीत डबे असेच असतात, म्हणालो. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

मंगळवार, १७ मे

रेडिओ: अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा.

बुधवार, १८ मे

रेडिओ म्हणतो, वादळ होणार. किनाऱ्याकडं सरकलं तर मराठवाड्यातही जोरदार पाऊस. तिकडं अरबस्तानाकडं वळलं तर इकडं थेंब नाही.

अख्ख्या तालुक्याचं तोंड गोड झाल्यासारखं झालंय. माझ्या टेबलापाशी जो येतो तो विचारतो, वादळ कुठवर आलं? जणू मीच त्याला आणायला स्टँडवर जाणार आहे. मीही सगळ्यांसारखा आभाळाकडं बघून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो आणि मनात म्हणतो, बाबा, चोवीसच्या पुढं ये!

संध्याकाळी टँकरवाले सिद्धरामअप्पा आले. पाऊस पडला की त्यांच्या गाड्या उभ्या. दार लोटून घेतलं, खुर्ची ओढली, आणि हळूच म्हणाले, "साहेब, सगळ्या तालुक्यात पाऊस नको असलेले आपुन दोघंच की हो."

त्या माणसाच्या पंगतीला बसलो मी!

गुरुवार, १९ मे

धुरपतानं देव पाण्यात घातले.

सकाळी बघतो तर देवघर रिकामं. खालच्या पितळी पातेल्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळे गळ्यापर्यंत पाण्यात. प्यायचं पाणी टँकरचं. म्हणजे देवांनाही आता माझ्याच शाखेकडून पुरवठा! विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, सांगायचं नसतं, सांगितलं की फळत नाही. मी तरी काय विचारतोय. वादळाची बातमी ऐकून बाईनं देव पाण्यात घातले, आणि बाहेर गुरं माना टाकून बसलीत.

दुपारी शेजारच्या नागुबाईनं बघितलं आणि गल्लीभर केलं. गावासाठी बसवलेत म्हणे धुरपताबाईनं. संध्याकाळपर्यंत बाया यायला लागल्या. कुंकू लावायच्या, आणि आपापल्या घागरीतलं तांब्याभर पाणी पातेल्यात ओतून जायच्या. स्वतःच्या लेकरांना मोजून देतात त्यातलं! धुरपता नको नको म्हणत होती. अगदी कावरीबावरी झाली होती. मला वाटलं, विनय.

मला तिची लाज वाटली नाही, स्वतःची वाटली. बोट तिची हौस, आणि ती देवाला वादळ मागतेय. मी तिचा नवरा, आणि सिद्धरामअप्पाच्या पार्टीत.

शुक्रवार, २० मे

रेडिओ: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. ऐकून जीव भांड्यात पडला. भांड्यात पडला ते पडला, वर असंही वाटलं की आपण किती समंजस आहोत.

काय सोयीचं झालंय बघा. बोटीला मी भितो हे कुणाला सांगायची गरजच नाही. आता मी गावासाठी, गुरांसाठी, धुरपताच्या नवसासाठी बोट सोडणार! त्यागी माणूस! रात्री डबा पाठीला बांधून आरशात बघितलं. त्यागी माणूस पाठमोरा कासवासारखा दिसतो.

शनिवार, २१ मे

पोस्टात जाऊन भुजंगला तार केली. "वादळ. तिकिटं परत करा."

धुरपताला सांगितलं नाही. ती शेवेचा झारा घेऊन बसली होती, वाटेसाठी करून राहिली होती. मनात म्हणालो, बिचारी, जायचं नाही हे ठाऊक असून वरवर तयारी करतेय, मला वाईट वाटू नये म्हणून. बावीस वर्षांच्या संसारात मी तिला एवढं ओळखतो!

रविवार, २२ मे

सकाळच्या बातम्या. वादळ रात्रीतून वळलं. अरबस्तानाकडं गेलं, जोर ओसरला, आपल्या किनाऱ्याला धोका नाही. पावसाची शक्यता नाही.

मी डोक्याला हात लावून बसलो. वाटलं, आता धुरपता रडेल. बघतो तर ती देव पातेल्यातून काढून एकेक पुसत होती. नीट, बोटांच्या बेचक्यांतून, तान्ह्या लेकराला पुसावं तशी. आणि चेहरा असा, की मी तो लग्नानंतर एकदोनदाच बघितला असेल.

मी म्हणालो, अगं, पाऊस आला कुठं? एवढ्यात कसे काढलेस?

"पावसासाठी कोन म्हनलं?" ती म्हणाली. "वादळ माघारी जावं म्हनून घातले होते. गेलं की."

मला कळायलाच वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, की नागुबाई आली तेव्हा जीव खालीवर झाला. बायांचं पाणी घेताना तर मेल्याहून मेल्यासारखं. गाव पाऊस मागतंय, आणि आपण त्याच्याच पाण्यात देव बसवून उलटं मागतोय. पण तोंडातून निघेना. "एकदाच मागितलं हो. आजपातुर काय मागितलं मी त्याला?"

देवाला म्हणत होती. मला लागायचं तिथं लागलं.

मग मी तारेचं सांगितलं. सांगावंच लागलं, पिशव्या भरून दाराशी ठेवल्या होत्या. शेव वरती होती, चुरू नये म्हणून.

ती ओरडली नाही. देव जागच्या जागी मांडले, पातेलं उचललं, आणि बायांचं ते पाणी नागुबाईच्या म्हशीला नेऊन पाजलं. परत आली ती चुलीपाशी माझ्याकडं पाठ करून बसली. मी डबा बघत बसलो. पाण्यात बुडू नये म्हणून केला होता.

सोमवार, २३ मे

तहसीलला मुंबईहून ट्रंक कॉल. भुजंग. आवाज विहिरीतून यावा तसा. मी आधीच सुरू केलं: वादळ, धोका, कुणालाही वाटलं असतं.

"दाजी, तुमचं एकट्याचं तिकीट परत केलंय," तो म्हणाला. "अक्काचं हाय. तुमच्या जागी मी काढलं माझं."

मी म्हणालो, तारेत तर दोन्ही परत कर म्हणालो होतो. तो हसायला लागला. पाडव्याला घरी आला होता तेव्हाच म्हणे तिनं सांगून ठेवलं होतं. "अक्का म्हनली, दाजींची तार येईल. आली की त्यांचं तेवढं दे परत, माझ्या तिकिटाला हात लावू नको."

पाडव्याला! तेव्हा वादळ कुठं होतं? समुद्रात पट्टा नव्हता, तिकिटं नव्हती, रजेचा अर्जसुद्धा नव्हता. हवामान खात्याला पाच दिवस आधी कळतं. हिला माझं सव्वा महिना आधी कळलं.

साहेबांनी विचारलं, काय झालं? म्हणालो, घरच्यांना सोडायला लातूरला जायचंय. अर्धा दिवस द्या.

दुपारच्या गाडीनं लातूर, तिथून मुंबईची एसटी. खिडकीपाशी जागा धरून दिली. शेवटी पिशवीतून डबा काढला आणि खिडकीतून आत सरकवला. राहू दे जवळ, म्हणालो. तिनं तो मांडीवर घेतला, कड्या चाचपल्या. हसली. आणि परत माझ्या हातात दिला.

"तुमच्यापाशीच राहू द्या. मला पवता येतं."

गाडी हलली. तिनं हात केला नाही. खिडकीतून मुंबईच्या दिशेनंच बघत होती, जणू तिथूनच दिसणार आहे. स्टँडवर डबा घेऊन उभ्या माणसाला एकानं विचारलं, तूप आहे का?

मंगळवार, २४ मे

बोट सुटली असेल. जेवण मी केलं. भात खाली लागला. पाणी कमी पडलं.

बुधवार, २५ मे

पणजीहून भुजंगची तार. "पोचलो. अक्का झोपलीच नाही. रात्रभर कठड्यापाशी."

तिच्याशेजारी कठड्यापाशी जी जागा होती, तिथं मी असायला हवा होतो. हे नीट लिहून ठेवतो. गंमत पुरे.

गुरुवार, २६ मे

रेडिओ: अरबी समुद्रात पुन्हा कमी दाबाचा पट्टा. या खेपेला किनाऱ्याकडंच. पश्चिमेला ढग दिसायला लागलेत. कचेरीत मारोतीनं पेढे वाटले. नागुबाई अंगणात उभी राहून आभाळाला हात जोडतेय. उद्या धुरपताची बोट परत निघते.

दार लावून देव पाण्यात घातले. नागुबाईनं कशासाठी विचारलं तर सांगणार नाही.