मुकादमाच्या घरातलं लाल लुगडं

माय, आज यवतमाळात तुझं लग्नातलं लुगडं पाहिलं. कापसाच्या जिनांमधल्या कामगारांचे जुने फोटो, पत्रकं, बिल्ले एक निवृत्त मास्तर जमा करताहेत. दिग्रसच्या जिनाजवळ वाढलेली म्हणून चेहरे ओळखायला त्यांनी मला बोलावलं होतं. मध्येच त्यांनी एक विटका लाल झेंडा टेबलावर पसरला. "तुमच्याच जिनाच्या साठ-एकसष्टच्या संपातला आहे बाई. दुकानदार मालकाच्या बाजूचे, संपवाल्यायले लाल कापड कोणी देईना. मंग कोण्या तरी बाईनं घरचं लुगडं फाडून देलं. तिचं नाव काही सापडलं नाही." झेंड्याच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचा रफू होता. तो माझाच प्रताप. महालक्ष्म्यांना उदबत्ती फिरवताना मी ह्याच लुगड्याच्या पदराला भोक पाडलं, आणि घरात लाल दोरा नव्हता म्हणून तू हिरव्यानंच भरलंस.

तू? बाबा त्याच जिनाचे मुकादम, मालकाचं मीठ खाणारे. मला अजून दिसतं, सगळ्या बाया संपावर असताना तू खाली मान घालून बाबांच्या मागोमाग फाटकातून आत जातेस, बाया तुझ्याकडे पाहून थुंकतात, आणि संध्याकाळी केसांतली रुई झटकत तू मुकाट्यानं चूल पेटवतेस. मी अंगणात घोषणा देत नाचले तर पाठीत धपाटा घातलास. "बापाची भाकर बंद करतं काय वं?" म्हणजे त्या बाया थुंकत होत्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर तुझंच लुगडं फडकत होतं, आणि फाटकात उभे असलेले बाबा त्यालाच शिव्या घालत होते. पुढे माझ्या लग्नात मी ते लुगडं मागितलं, तर तू तांदूळ निवडता निवडता वर न पाहताच म्हणालीस, "उंदरायनं कुरतडलं. मी काय करू?" मी दोन दिवस अबोला धरला होता.

मास्तरांनी विचारलं, "ओळखीचं वाटते काय?" बाबांना जाऊन कितीक वर्षं झाली, तूही गेलीस, जीनही बंद पडलं. आता भीती कोणाची? तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. तरी तोंडून निघालं ते असं, "नाही मास्तर. आमच्या मायचं तं उंदरायनं खाल्लं होतं." ते हसले आणि त्यांनी झेंड्याची घडी घातली. तुझं खोटं मी मोडलं नाही. पण मला तरी सांगायचं होतंस गं.