उपाशी वाकळ

माय, दिल्लीला जाऊन आले. क्लासचा निकाल बरा लागला म्हणून मालकांनी आम्हा शिक्षकांना सहल दिली. व्हय, ज्या लातुरात तू मला बारावीला ठेवलंस, तिथंच मी आता पोरापोरींना जीवशास्त्र शिकवते. दिल्लीच्या त्या मोठ्या संग्रहालयात देशाचा सगळा इतिहास मांडलाय, तोफा, नाणी, राजांचे पोशाख. थंडी अशी की शालीत हात गुंडाळून फिरत होते. एका दालनात काचेमागं वाकळ टांगलेली. आपल्याकडच्यासारखीच, जुन्या लुगड्यांची. खालच्या पाटीवर टाक्यांची माहिती होती. कोपऱ्याबद्दल काही नव्हतं.

तू उन्हाळाभर बसून माझ्यासाठी वाकळ शिवलीस. शेवटचा कोपरा बंद करताना आत भाकरीचा चतकोर घातलास. "उपाशी वाकळ पांघरू न्हाई. ऊब देत न्हाई ती," म्हणालीस. मी हसले होते. वसतिगृहात आठ दिवसांत तिला मुंग्या लागल्या. खोलीतल्या पोरी म्हणाल्या, "अंथरुणात स्वयंपाक करून राहिलीस का गं?" मी ब्लेडनं कोपरा उसवला, तुकडा खिडकीतून फेकला आणि कोपरा परत शिवून टाकला. तरी लाज काही गेली नाही. पोळ्याला गावाकडं निघालेल्या मामाजवळ वाकळ परत धाडली. निरोप दिला, मुंग्या लागतात. तुझा उलटा निरोप आला, "लई शहाणी झाली. थंडीत आठवंल म्हणावं."

थंडीच्या आधीच भूकंप झाला. घराचे दगड उपसून तुला काढलं तेव्हा अंगावर तीच वाकळ होती, असं मामानं सांगितलं. मी रडले नाही. त्या हिवाळ्यात मदतीत आलेलं ब्लँकेट पांघरून अभ्यास केला. मार्क चांगले पडले. अजूनही रडू येत नाही, नुसतं बधिर वाटतं.

त्या काचेपुढं मी बराच वेळ उभी होते. सोबतच्या मॅडमनी विचारलं, "तुमच्या भागात असतात ना ह्या? एकच कोपरा का फुगलाय हो?" मी म्हणाले, "माहीत नाही."

हे पत्र कुठं टाकणार? कपाटात ठेवून देते. एवढंच सांगायचं राहिलं होतं, माय. तो कोपरा मी रिकामाच शिवला होता. तू तीच वाकळ पांघरून झोपलीस, आणि तुला वाटत होतं, तिचं पोट भरलेलं हाय.