गाडीतलं पाणी मी काढून टाकलं आहे

बाबा,

तुम्ही चर्चमध्ये कॉफीला गेलात, तेवढ्यात मी अंगणातल्या तुमच्या राहायच्या गाडीतलं सगळं पाणी सोडून दिलं. टाकी, हीटर, नळ सगळं रिकामं आहे. विचारलं असतं तर तुम्ही "उद्या बघू, मारित," म्हणाला असता, आणि आज रात्री नळ्या गोठून फुटल्या असत्या. रागवायचं असेल तर रागवा.

नळ्यांत ते न गोठणारं गुलाबी पाणीही भरलं. हे दोघांचं काम आहे, हे मला आज कळलं. बाहेर पंपापाशी तुम्ही, आत आई, आणि गुलाबी धार दिसली की तिची आरोळी, "आलं रे आलं! बंद कर, नाहीतर तुलाच पाजीन!" मी एकटीच नळ उघडून पंपाकडे पळत होते. न्हाणीघरात थोडं सांडलंय, उद्या पुसते. आईच्या कपाटाला हात लावलेला नाही.

ती जाऊन पाच आठवडे झाले आणि तुम्ही अजून गाडीतच झोपता. अकरा वर्षं तेच तुमचं घर होतं, मला कळतं. पण आता तिथे तोंड धुवायलाही पाणी नाही. खरं सांगायचं तर नळ्यांची काळजी अर्धीच होती.

घरातली अंगणाकडची खोली तुमच्यासाठी गरम करून ठेवली आहे. ओव्हनमध्ये बटाटे घालून भाजलेली हॉटडिश आहे, जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका. मी कामावरून सहाला येईन.

आणि बाबा, रोज सकाळी माझ्याकडे कॉफीला येताना तुम्ही दार वाजवता. वाजवू नका.

मारित