गुरुवारचं नाटक

१४, क्रॉस हिल,
टॉडमॉर्डन
गुरुवार, १९ नोव्हेंबर १९८१, दुपार

प्रिय क्लिफ,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तिकडे हॅमिल्टनला तुम्ही सगळे खुशाल आहात, लोरेनची दाढदुखी थांबली आणि धाकटी पोहायला शिकली, हे आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिनेच सांगितलं म्हणून. इकडे थंडी वेळेआधीच आली आहे. मागच्या अंगणातला नळ परवा गोठला होता.

आईला हॉस्पिटलमधून घरी आणून आठ दिवस झाले. तिची खाट पुढच्या खोलीत टाकली आहे, टीव्हीसमोर. जेवणाचं टेबल त्यासाठी बाहेर शेडमध्ये ठेवावं लागलं. खुब्यात खिळा घातला आहे, तो नीट बसलाय म्हणतात. घरी येणारी नर्स मंगळवारी आणि शुक्रवारी येते. तिने मला बजावून सांगितलंय, तीन महिने हिला एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. मी दुकानात जातानाही ब्रेंडाला तिच्याजवळ बसवून जाते. ब्रेंडा म्हणजे शेजारची, तुझ्या वेळी त्या घरात तिची सासू होती. वाचनालयातलं माझं अर्ध्या दिवसाचं काम मी ख्रिसमसपर्यंत सोडलं आहे. पुढचं पुढे.

तू विचारलंयस त्याचं उत्तर देते. पण आधी आमची संध्याकाळ कशी जाते ते सांगू दे, कारण तू ती कधी पाहिली नाहीस. आईची दृष्टी गेली तेव्हा तू दहा दिवस येऊन गेलास, पण ते दहा दिवस घरात माणसंच माणसं होती, टीव्ही कोणी लावलाच नाही.

शनिवारी मी तिला आठवड्याचे कार्यक्रम वाचून दाखवते आणि ती हो म्हणेल त्याला पेन्सिलीने गोल करते. जाहिरातींचा चॅनेल आपल्याकडे लागत नाही, बीबीसीचे दोनच. पावणेसहाला बातम्या. मग आपल्या भागातल्या बातम्या, मग बागकाम, मग प्रश्नमंजूषा. त्यात ती स्पर्धकांच्या आधी उत्तर देते आणि चुकली तर म्हणते, प्रश्नच वाकडा होता. मग एखादा प्राण्यापक्ष्यांचा कार्यक्रम. मी शेजारच्या खुर्चीत बसून काय दिसतंय ते सांगत राहते. सहा वर्षं, रोज संध्याकाळी. काल कुत्र्यांनी मेंढ्या वळवायची स्पर्धा होती.

"कुत्रा कुठे आहे?"

"डावीकडे. गवतात दबून बसलाय."

"आणि तो माणूस?"

"फाटकाशी. हातात काठी आहे."

"कपडे?"

"तपकिरी कोट, आई."

"मेंढपाळ आणि स्वच्छ कोट? बीबीसीने दिला असणार."

हसायला येतं, नाही असं नाही. पण क्लिफ, कधी कधी मी तिला मुद्दाम खोटे रंग सांगते. बातम्या देणाऱ्याचा टाय तांबडा असला तर हिरवा सांगते. त्याने कोणाचं काही बिघडत नाही. तेवढाच एक टाय माझा असतो.

गुरुवारी आठ ते साडेनऊ नाटक असायचं. नाटकात तिला माझी फारशी गरज नसते. सगळे बोलतच असतात, आणि मध्ये कोणी बोललेलं तिला खपत नाही. सप्टेंबरात चॅपलचा गायकवृंद चालवणाऱ्या एकर्स्लींनी मला वाचनालयात गाठलं. ख्रिसमसला ते मोठं काहीतरी बसवणार होते आणि त्यांना खालच्या स्वरातल्या बायका कमी पडत होत्या. "गुरुवारी आठ ते नऊ, एवढंच," म्हणाले. शाळेत असताना मी गायचे हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. तू तर नाहीस?

मी आईला म्हटलं, "नाटकाच्या वेळेत मी स्वयंपाकघरात इस्त्री उरकते." ती "बरं" म्हणाली. नाटक सुरू झालं, आणि मी कोट घालून हळूच दार ओढून घेतलं. चॅपल उतारावर अकरा मिनिटांवर आहे. नऊ वाजून बारा मिनिटांनी परत खुर्चीत. असं तीन गुरुवार झालं.

आता तुझा प्रश्न. तू लिहिलंयस, आठ ऑक्टोबरला तिकडे दुपारी साडेतीनला, म्हणजे इकडे रात्री साडेआठला, तू फोन केलास, पुष्कळ वेळ वाजू दिलास, कोणी उचलला नाही. "तू स्वयंपाकघरात होतीस म्हणतेस, तिथून फोन सहा पावलांवर. मग ऐकू कसा आला नाही?" मी हे वाक्य चार दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरते आहे.

मी घरात नव्हते, क्लिफ. त्या दिवशी तालीम लांबली. शेवटचं पान काही केल्या जमेना, एकर्स्ली म्हणाले, आणखी एकदाच. मी घड्याळ पाहिलं, आणि थांबले. मला ते शेवटचं पान हवं होतं. घरी पोचले तेव्हा दहाला वीस कमी होते. दार उघडलं तर आई बोळात फरशीवर, फोनच्या टेबलाखाली. आत टीव्हीवर उद्याचं हवामान सांगत होते.

मी तिच्याजवळ बसले. तिचे हात थंडगार झाले होते. तिने माझ्याकडे तोंड वळवलं आणि विचारलं, "झाली इस्त्री?"

फोनसाठीच ती उठली होती. एवढा वेळ वाजतोय म्हणजे परदेशचा, म्हणजे तूच, हे तिने ओळखलं. हे मी तुला कळवणार नव्हते. तू ते मनाला लावून घेशील, आणि लावून घ्यायचं काही कारण नाही. फोन वाजणारच. तो उचलायला मी असायला हवी होते.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोण होतं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "माझी मुलगी. स्वयंपाकघरात होती. टीव्ही मोठा होता, तिला बिचारीला ऐकू नाही आलं." एवढ्या ठाम आवाजात म्हणाली की डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. तुलाही मी तेच कळवलं. आईनेच सांगितलं होतं, "क्लिफला स्वयंपाकघर सांग."

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी ती जरा बसती झाली. पहिली गोष्ट काय विचारावी? "त्या नाटकाच्या शेवटी काय झालं गं? मला पडल्या पडल्या सगळं ऐकू येत होतं. भावाभावांचं भांडण मिटलं, होडी सुटली, तिथवर कळलं. पण शेवटची दोन-तीन मिनिटं कोणी बोललंच नाही. नुसतं पाणी. काय चाललं होतं तेव्हा?"

मला काहीही सांगता आलं असतं. सहा वर्षांचा सराव आहे.

"मला माहीत नाही, आई. मी नव्हते."

"ते ठाऊक आहे मला. त्या दाराची कडी चाळीस वर्षं ऐकतेय मी."

"म्हणजे पहिल्या गुरुवारपासून?"

"इस्त्रीला वास असतो, हिलरी. चार आठवडे घरात वास नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू गेली नसतीस."

शेजारच्या खाटेवरच्या बाई कान देऊन ऐकत होत्या. मी आईची चादर नीट केली आणि बोळात जाऊन उभी राहिले. तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. रागावायला कोणीतरी समोर लागतं. आता तेही नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "गुरुवारी जा तू. ब्रेंडा बसेल." मागच्या गुरुवारी ब्रेंडा बसली. मी साडेसातलाच कोट घालून उंबऱ्याशी आले, आणि आतून ऐकू येत होतं.

"काय दिसतंय, ब्रेंडा?"

"माणूस आहे."

"कसला माणूस?"

"साधाच. बोलतोय."

"ते मलाही ऐकू येतंय. कुठे उभा आहे?"

"आता गेला. आता दुसरा आलाय."

आईने तक्रार केली नाही, पुढे विचारलंही नाही. मी उंबऱ्यातच उभी राहिले, एक पाय बाहेर. मग कोट काढला, ब्रेंडाला घरी पाठवलं आणि खुर्चीत बसले. आई म्हणाली, "मी नाही थांबवलं तुला." नव्हतंच थांबवलं. तीच तर पंचाईत आहे. कोणीच थांबवत नाही, आणि मी जात नाही. एकर्स्लींना मी निरोप पाठवला आहे की माझ्या जागी दुसरी कोणी बघा. त्यांनी अजून पाहिलेली नाही.

तुझ्या पत्रात शेवटी दोन ओळी आहेत, यंदा ख्रिसमसला येणं जमणार नाही म्हणून. हेच सांगायला तू त्या दिवशी फोन केला होतास, असंही लिहिलंयस. त्या दोन ओळी मी आईला वाचून दाखवल्या नाहीत. त्यांच्या जागी तुझ्याकडे बर्फ किती पडला ते वाचलं. टायचा रंग बदलणं वेगळं, आणि हे वेगळं, एवढं मला कळतं. त्यामुळे पुढच्या वेळी मी त्या ओळी वाचीन. तोवर तुला वेळ आहे.

तू ये. ख्रिसमसला नाही जमलं तर जानेवारीत ये, पण तीन आठवडे ये, आणि पाहुणा म्हणून येऊ नकोस. त्या खुर्चीत बस आणि तिला काय दिसतंय ते सांग. तुला जमेल. लहानपणी खिडकीत बसून तू तिला रस्त्यावरून कोण जातंय ते सांगायचास, ती पावाचं पीठ मळत असायची. मी त्या तीन आठवड्यांत काय करीन ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही. बहुतेक पहिल्या दिवशी नुसती उतारावरून खाली चालत जाईन.

आणि जमणार नसेल तर तसं सरळ लिही. "बघतो" असं लिहू नकोस. तू बघतो म्हणालास की मी वाट बघत बसते, आणि बसणं माझं आता पुरेसं झालंय.

आई हाक मारते आहे. पावणेसहा होत आले, बातम्या लागतील.

लोरेनला आणि मुलींना माझं प्रेम सांग. हे पत्र आईला वाचून दाखवलेलं नाही. वाचलं तर ती हेही झाकून घेईल, म्हणून ते आत्ताच, तिला कडी ऐकू येईल असं दार ओढून, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते आहे. दोन मिनिटं.

दोन मिनिटांत परत येणारी,
तुझी बहीण
हिलरी